चौथी टाप

शब्बीरचाचांचा चष्मा कायम घरी विसरलेला असायचा. त्यांचं दुकान घराच्याच पुढच्या ओट्यावर होतं हे लक्षात घेतलं, म्हणजे ही विसरायची सवय त्यांनी किती नेटाने जपली होती ते कळेल. कुणी कागद पुढे केला की ते सदऱ्याचा खिसा चाचपत आणि म्हणत, "वाचा की तुम्हीच. चष्मा घरी राह्यला." मागे तीन पावलांवर दार सताड उघडं असे. आत हमीदाचाची चुलीपुढे बसलेल्या असत आणि त्यांनी "आणून देऊ का?" असं एकदाही विचारल्याचं मला आठवत नाही. दोन-अडीच वर्षं मी हे पाहत होतो. कॉलेजात मराठी शिकवतो, माणसं बारकाईने पाहायची सवय आहे असा माझा समज आहे. पण मला त्यातून काही कळलं नाही. बाहेर आलं ते एका नऊ वर्षांच्या मुलीमुळे, आणि तेही तिच्या कानांमुळे.

चाचा हैदराबादला, मुलाकडे वारले. ही बातमी मला इस्त्रीवाल्याकडून कळली, तीही माझ्याच शर्टाची घडी घालता घालता. आमच्या परतुरात माणूस गेला की चौकात फलक लागतो. हात जोडलेला फोटो, खाली शोकाकुलांची नावं, आणि ती नावं मृताच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. चाचांचा फलक लागला नाही. त्यांचा एकच बरा फोटो गावात होता, गुलाबी फेटा बांधून शाल घेतानाचा. तो लावायला कुणाचा हात धजला नसता.

चाचा नालबंद. जनावरांच्या खुरांना नाल ठोकायचा धंदा त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून. स्टेशन रोडला जिनिंगच्या भिंतीलगत त्यांचा ओटा. त्यावर एक ऐरण, दोन हातोड्या, कानस, आणि भिंतीला टांगलेल्या नाला. बैलाला नाल मारायची तर त्याच्या पायांत दोर गुंतवून आधी त्याला आडवं पाडावं लागतं. घोड्याला मात्र उभ्यानेच मारतात, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेऊन. हा फरक चाचांनी मला पहिल्याच भेटीत सांगितला होता.

"बैलाला समजवायला टाइम कुठं हाय मास्तर? पाडायचा, ठोकायचं, उठवायचा. घोडं उभ्यानं ऐकून घेतंय. पण मंग तुम्हाला बी त्याचं ऐकावं लागतंय."

ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "ट्रॅक्टरला नाल लागत न्हाई, त्याला मी काय करू?" एवढंच म्हणत. त्यांच्याकडे हल्ली गिऱ्हाईक यायचं ते निराळंच. पांढऱ्या गाडीतून उतरणारे, बोटांत तीन-तीन अंगठ्या घातलेले लोक काळ्या घोड्याची नाल मागायला येत. साडेसाती उतरवण्यासाठी ती दाराला ठोकायची असते. चाचा शांतपणे सांगत, "काळं घोडं न्हाई माझ्याकडं. तांबड्या घोडीची हाय. कोळसा फासून देऊ का?" एकाने चिडून विचारलं, याने गुण येईल का? चाचा म्हणाले, "नाल चालणाऱ्याला गुण देती साहेब. दार कुठं चालतंय?"

ही तांबडी घोडी त्यांचा दुसरा धंदा. लग्नसराईत ती नवरदेव वाहायची. हिंदूंच्या वरातीत तिचं नाव लक्ष्मी, मुसलमानांच्या वरातीत बेगम. दोन्ही नावांना ती ओ देत नसे. घरी तिला नुसतं 'बाई' म्हणत आणि तेवढं तिला कळे. नवरदेव बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला असे आणि लगाम दोन्ही हातांनी आवळून धरलेला असे. चाचा त्याच्या गुडघ्याशी तोंड नेऊन म्हणत, "लगाम वढू नका, नुसता हातात ठेवा. बाईनं लई नवरदेव पाह्यलेत, तिला सगळं माहीत हाय." एका वरातीत एक धष्टपुष्ट नवरदेव नाचणाऱ्या मित्राला टाळी द्यायला वाकला आणि सरळ खाली आला. बँड थांबला. चाचांनी मोठ्याने जाहीर केलं, "नवरदेव उतरले!" बँडवाल्यांनी पुन्हा सुरू केलं आणि नवरदेव, खरंच इथेच उतरायचं होतं अशा चेहऱ्याने, उरलेली वाट चालत गेला.

हा त्यांचा नेम होता. घोड्यावरून माणूस पडला असं ते कधीही म्हणत नसत. माणूस उतरला. फार तर 'जल्दी उतरला'. पडतो तो बैल, आणि त्याला पाडणारा नालबंद. 'पडणे' हा शब्द त्यांनी बैलांसाठी राखून ठेवला होता.

आमच्या समोरच्या घरात रमेश राहतो. त्याचं बियाणं-खताचं दुकान आहे, आणि उरलेल्या वेळात तो समित्यांवर असतो. त्याची मुलगी सृष्टी ज्या शाळेत जाते त्या शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शोभायात्रा काढायचं ठरलं. आधी हत्ती आणायचा विचार होता. हत्ती मिळेना, म्हणून घोडी. घोडीवर कुणीतरी हवं, म्हणून राणी. कोणती राणी यावर एकमत होईना, म्हणून पत्रिकेत 'ऐतिहासिक राणी' एवढंच छापलं. रमेश पालक समितीचा अध्यक्ष असल्यामुळे राणी त्याच्या घरातून येणार हे मात्र आधीच ठरलेलं होतं. सृष्टीला नऊवारी नेसवली, डोक्यावर पत्र्याचा मुकुट बांधला आणि चंदेरी कागद चिकटवलेली लाकडी तलवार हातात दिली. पाहुण्यांना पुढे मंठ्याला दुसरा कार्यक्रम होता, म्हणून सत्कार आधी उरकले. चाचांनाही शाल-श्रीफळ मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यासाठी त्यांनी गुलाबी फेटा बांधून घेतला होता आणि चाचींकडून दोनदा नीट करवून घेतला होता.

मी मोंढ्याच्या वळणावर चहा पीत उभा होतो. गर्दीपुढे गाडीवर डीजे, त्यामागे चमकीचे कागद उडवणारी तोफ, त्यामागे राणी. तोफ उडाली त्याच क्षणी बाई पुढच्या पायावर अशी मोडली की गुडघा टेकते की काय वाटलं, आणि मग उसळली. सृष्टी तिच्या खांद्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर आली. मुकुट वाजत गटारापर्यंत गेला. माइकवाला पुढे होता, त्याला दिसलं नाही. त्यानंतरही बराच वेळ तो सांगत होता की राणीसाहेबांचं आगमन होत आहे, सर्वांनी वाट मोकळी करावी.

चाचा तिच्याजवळ सगळ्यांत आधी पोचले. तिच्या तोंडातून रक्त येत होतं. "काही न्हाई झालं," ते म्हणत होते, "पोर उतरली. जरा जल्दी उतरली." ते ऐकून दोघांनी त्यांची कॉलर धरली. मी मध्ये पडलो नाही. लांबून पाहणं हा माझा स्वभाव आहे. त्याला काही जण संयम म्हणतात.

कोपर दोन ठिकाणी मोडलं होतं. दोन दात गेले, कपाळावर टाके पडले. घोडेवाल्याने घोडीला काहीतरी खाऊ घातलं होतं असं गावात एक बाजू म्हणू लागली. मी दुसऱ्या बाजूचा. जिल्ह्याच्या दैनिकात मी लेख लिहिला. डीजे, तोफ, पत्र्याचे मुकुट आणि सत्कारांची हाव या सगळ्यांवर. तो फार वाचला गेला. लोकांनी फोन करून 'काय हाणलंत सर' असं सांगितलं. रमेशने तीन आठवडे माझ्याकडे पाहिलं नाही. आपलं म्हणणं इतकं बरोबर असल्याचं समाधान मला त्याआधी फारसं मिळालेलं नव्हतं.

प्लास्टर निघालं, पण हात पुरता सरळ होईना. ते एक वेळ चाललं असतं. मुलगी घरात भिंत धरून चालू लागली. ओट्याच्या दोन पायऱ्या उतरेना. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी तिचे कपडे ओले होत. शाळा सुटली. बोलणं हळूहळू कमी झालं आणि मग बंद झालं. विचारलं तर मान हलवायची, तीही उशिरा. तिची आई मंदाताई एकदा आमच्याकडे विरजण मागायला आली आणि भांडं हातात धरून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "घरात पोरगी हाय असं वाटतच न्हाई हो सर."

रमेशने कुठलातरी व्हिडिओ पाहिला होता. पडल्यावर लगेच पुन्हा घोड्यावर बसवायचं, की भीती निघून जाते. त्याने चाचांना घोडी घेऊन बोलावलं.

चाचा म्हणाले, "भाऊ, आज न्हाई. पोर अजून खाली बी उभी राहीना."

"एकदा बसवून टाकू चाचा. भीती मोडून काढू."

"भीती काय हाड हाय मोडायला? हाड तर मोडलंच की."

पण रमेशने तिला उचललं आणि घोडीवर ठेवलं. ती रडली नाही. लाकडासारखी ताठ झाली, डोळे वर गेले आणि घोडीच्या मानेवर ओकली. बाई जागची हलली नाही. रमेशने मुलीला उतरवून घेऊन तिचं तोंड स्वतःच्या बाहीने पुसलं, आणि मोबाइलवर हे सगळं टिपायला बोलावलेला त्याचा पुतण्या मोबाइल खिशात घालून निघून गेला. चाचांनी आपल्या उपरण्याने घोडीची मान पुसली, मग विचारलं, "मी रोज दुपारी येऊ का? घोडी आणत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ते येऊ लागले. पिशवीत चार जुन्या नाला. रमेशच्या ओट्यावर शहाबादी फरशी आहे. तिथे ते दाराकडे पाठ करून बसत, दोन्ही हातांत दोन-दोन नाला घेत आणि फरशीवर वाजवत. ही साधी चाल. ही दुडकी. ही भरधाव. कुणाशी बोलत नसत. वाजवत आणि अर्ध्या तासाने उठून जात. पहिल्या दिवशी आतून किंकाळी आली. त्यांनी थांबून नाला उपरण्यात गुंडाळल्या आणि तसंच पुन्हा वाजवलं, दबका आवाज काढत. मंदाताईने खिडकी लावून घेतली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती लावली नाही. पुढच्या आठवड्यात उपरण्याची एक घडी कमी झाली, मग आणखी एक.

मी समोर राहत असल्याने आणि दुपारी मला फारसं काम नसल्याने चहा घेऊन तिथे जाऊन बसू लागलो. चाचांना मी विचारलं, याने काय होणार?

"भीती आवाजात बसली हाय, मास्तर," ते म्हणाले. "पोरीच्या कानात एकच आवाज राह्यलाय. त्याच्या आजूबाजूला दुसरे आवाज बसवून राह्यलो. गर्दी झाली की त्या एकट्याला कोण विचारतंय?"

एक दिवस ते चालीची दुडकी करताना चुकले. मुद्दाम चुकले असावेत. खिडकीतून आवाज आला, "चुकलं."

तो तिचा कित्येक आठवड्यांतला पहिला शब्द. चाचांनी मागे वळून पाहिलं नाही. "कुठं चुकलं?" त्यांनी फरशीलाच विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला. "मागचा पाय आधी पडला." चाचांनी पुन्हा वाजवलं. "आता?" "आता बराबर."

त्यानंतर ती दारात आली, मग उंबऱ्यावर, मग ओट्यावर त्यांच्या शेजारी. डोळे मिटून ती सांगायची, कोणता पाय, चढ आहे की उतार, माती की डांबर. मग चाचा बाईला गल्लीच्या टोकाशी आणून बांधू लागले. सृष्टी ओट्यावरून ऐकायची. घोडीजवळ जायची नाही, पण ओलीही व्हायची नाही. रमेशही दुकानातून दुपारी घरी येऊ लागला. पुढच्या वर्षी शाळेत घालू म्हणाला. इथवर आलेली गोष्ट इथेच थांबवली असती तर ती माणूस गेल्यावर लिहिल्या जाणाऱ्या लेखांत शोभणारी झाली असती.

पण चाचा चांगले शिकवणारे होते, आणि शिकवणाऱ्याला शिष्य तयार होताना पाहिला की भान राहत नाही. एका दुपारी ते म्हणाले, "आता अवघड एक ऐक. हे बी यायला पाहिजे. घोडी दुखती तवा बोलत न्हाई, वाजती." आणि त्यांनी नवी चाल वाजवली. तीन ठोके भरीव, चौथा हलका. तीन भरीव, चौथा हलका.

सृष्टीने ऐकलं. मग त्यांच्या हातावर हात ठेवून तो थांबवला.

"त्या दिवशी अशीच वाजत होती, चाचा."

रमेश दारात उभा होता. तो हसल्यासारखं करून म्हणाला, "येडी. एवढ्या डीजेत तुला काय ऐकू येणार?"

"डीजेच्या आधी. शाळेच्या गेटपासून. मला वाटलं मी जड झाले तिला." थोडं थांबून ती म्हणाली, "फोटोवाले काका म्हणले तलवार वर कर. मी वर केली तर माझी टाच लागली तिला. म्हणून ती उधळली. मी कुणाला सांगितलं न्हाई."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. म्हणजे इतके महिने ती घोडीला घाबरत होतीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या टाचेला. चाचांना त्या क्षणी काहीही म्हणता आलं असतं. डीजेत काय ऐकू येणार, हा बहाणा रमेशनेच हातात दिला होता. माझा लेख तर अख्ख्या जिल्ह्याने वाचला होता. त्यांनी चारही नाला एक-एक करून खाली ठेवल्या.

"बेटा, तू उतरली न्हाई," ते म्हणाले. "तू पडली. मी पाडलं तुला."

"आदल्या सांजंला नवी नाल मारली. उजवा पुढचा पाय. एक खिळा आत जित्या मासापाशी गेला. सकाळी घरातून निघतानाच ऐकलं मी, चौथी टाप हलकी. खिळा काढून पाय पाण्यात ठिवला असता, दोन दिवसांत बरी झाली असती. पण माझा फेटा बांधून झाला व्हता."

रमेश उंबरा ओलांडून पुढे आला. "चाचा, खिळा आत चाललाय ते दिसलं न्हाई तुम्हाला?"

"दोन वर्षं झाली, मला काही दिसत न्हाई. साखरेनं डोळे खाल्ले. हातानंच काम करून राह्यलोय." मग ते माझ्याकडे, म्हणजे मी बसलो होतो असा त्यांचा अंदाज होता त्या बाजूला वळले. "तुम्ही बाज्यावर लिहिलं मास्तर. चाचीनं शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं. लई चांगलं लिहिलं. पण सकाळी आमच्या दारात बाजा कुठं व्हता?"

सृष्टी विचार करत होती. "माझी टाच?"

"तुझ्या टाचेनं तिला माशी बसल्याएवढं बी कळलं नसंल."

"तिला दुखत होतं?"

"व्हय."

"आणि मी वर बसले होते."

"व्हय बेटा."

ती उठून आत गेली. भिंत न धरता गेली, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. चाचांनी नाला पिशवीत भरल्या. त्यातली एक फरशीवरच राहिली. ते हाताने चाचपत होते आणि ती दीड वितीवर होती. मी उचलून दिली. पायरीवर ते थांबले आणि कुणाला उद्देशून ते कळणार नाही असं म्हणाले, "हजार बैल पाडले असतील आत्तापर्यंत. पोर पह्यल्यांदा पाडली."

रमेशने त्याच दिवशी समितीच्या ग्रुपवर 'अखेर सत्य समोर' असा मजकूर टाकला. त्याचं त्याला वाईट वाटत असावं, कारण तो त्याने मला दाखवला आणि "बराबरच हाय ना सर?" असं विचारलं. मी काही चूक काढू शकलो नाही. आंधळ्याच्या हाती बैलाचा पाय कोण देईल? उरलेसुरले बैल सेलूला जाऊ लागले. लग्नांची बोलणी झालेली होती त्यांनीही दुसरी घोडी पाहिली. काळ्या घोड्याची नाल मागणारेसुद्धा येईनासे झाले. ज्याला स्वतःची नाल लाभली नाही त्याची दाराला लावून काय उपयोग, असा त्यांचा हिशेब असावा. लेखाचा खुलासा लिहावा असं माझ्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा मी असं ठरवलं की मूळ मुद्दा तर बरोबरच होता.

तीन दिवस सृष्टी बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी ती एकटीच दोन पायऱ्या उतरली आणि स्टेशन रोडने चाचांच्या ओट्यावर गेली. मंदाताईने तिला पाहिलं आणि हाक मारली नाही. चपला घालून मागे मागे गेली, मला वाटेत दिसली तर तोंडावर बोट ठेवलं. मीही मागून गेलो.

"पाय दाखवा तिचा," सृष्टी म्हणाली.

चाचांनी बाईचा उजवा पुढचा पाय मांडीवर घेतला. खुरात बुजत आलेलं एक भोक होतं. सृष्टीने त्यावर बोट ठेवलं. चार महिन्यांनंतर ती पहिल्यांदा स्वतःहून घोडीला शिवत होती.

"मुद्दाम केलं का तुम्ही?"

"न्हाई बेटा. गुमानात केलं."

"गुमान म्हणजे?"

"आपल्याला सगळं येतंय, असं वाटणं."

तिला ते पटलेलं दिसलं. माफ केलं वगैरे काही ती म्हणाली नाही. त्यांनीही मागितली नाही. त्यानंतर ती रोज जायची. बाईला खरारा करायची, पेंढी टाकायची, खूर साफ करायची. वर मात्र बसली नाही, आणि चाचांनी बस म्हटलं नाही.

उन्हाळा सरता सरता घोडी विकली गेली. वडीगोद्रीकडे हायवेवर एकाचं लग्नाचं लॉन आहे, त्याला हवी होती. तो तिच्या अंगावर लाइटच्या माळा लावणार होता. बॅटरी खोगिराखाली बसते, असं त्याने चाचांना कौतुकाने सांगितलं. मुलगा त्यांना आणि चाचींना हैदराबादला न्यायला येणार होता.

टेम्पो यायच्या आदल्या दुपारी चाचा काठी टेकत रमेशच्या ओट्यावर आले. बसले नाहीत.

"रमेशभाऊ, एक मागणं हाय. आमच्यात घोडी रिकाम्या पाठीनं घरातून निघत न्हाई. मालक मेला तरच तशी निघती. माझे गुडघे चढू देत न्हाईत. पोरीला पाठवा. बायपासपर्यंत. टेम्पो तिथंच थांबणार हाय."

रमेश न्हाई म्हणाला. नीट, हात जोडून म्हणाला. चाचांनी मान डोलावली. "बराबर हाय," म्हणाले, आणि गेले. सृष्टी दारामागे होती.

सकाळी मी गेलो तेव्हा बाई चाचांच्या ओट्याला लावून उभी होती. पाठीवर खोगीर नव्हतं, ते विकलं होतं. त्या जागी घडी करून एक शाल टाकलेली होती, शोभायात्रेची. सृष्टी ओट्यावर उभी होती. तिला कुणी आणलं नव्हतं, आणि मागे मोटरसायकल टेकवून रमेश उभा होता त्यालाही कुणी बोलावलं नव्हतं. मुलीचे ओठ पांढरे पडले होते. चाचा घोडीच्या पलीकडच्या अंगाला, हात तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर ठेवून उभे. ती दोनदा पुढे झाली आणि दोनदा मागे आली. मग सरळ न होणारा हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने आयाळ पकडून बसली.

बाई निघाली. चाचा लगाम धरून चालले नाहीत. त्यांचा हात पुठ्ठ्यावरच होता. घोडी त्यांना नेत होती.

"चौथी?" त्यांनी विचारलं.

सृष्टीचं तोंड उघडेना.

"चौथी, बेटा?"

"बराबर आहे."

स्टेशन रोडवर माणसं दुकानातून बाहेर येऊन पाहत होती. चाचांचे कान माझ्यापेक्षा आणि तिच्यापेक्षा शाबूत होते. चारही टापा त्यांना ऐकू येतच असणार. तरी दर वीस-पंचवीस पावलांनी ते विचारत होते, आणि दर वेळी वरून उत्तर येत होतं. मागे रमेश मोटरसायकल बंद ठेवून पायाने ढकलत येत होता. बायपासपर्यंत तिचं 'बराबर' हळूहळू मोठं होत गेलं. पण हात आयाळीत तसाच आवळलेला होता, आणि खाली आल्यावर पाहिलं तर बोटांत केसांचे वळ उठले होते.

टेम्पोपाशी बाई थांबली.

"उतर बेटा."

ती पोटावर वळली, घसरली आणि खाली उभी राहिली. चाचा मान कलती करून ऐकत होते.

"उतरली का?"

"उतरले की."

"आवाज न्हाई आला," चाचा म्हणाले.

बाईला चढवलं. फळीवर चार टापा वाजल्या, मग पत्र्यावर चार. टेम्पोवाल्याने तिच्या पाठीवरची शाल काढून चाचांच्या खांद्यावर टाकली आणि फाळका लावला. टेम्पो हायवेला लागून दिसेनासा झाला. चाचा थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग वळून चालू लागले. ते गावाकडे नाही, उलट्या दिशेला चालले होते.

रमेश पुढे होऊ लागला. सृष्टीने त्याला हाताने थांबवलं.

"चाचा, इकडं," ती म्हणाली. आणि त्यांच्या पुढे होऊन, चपला मुद्दाम जोरात वाजवत गावाच्या दिशेने चालू लागली. तो आवाज धरून चाचा तिच्या मागे निघाले.